रुंद रस्त्यांचे भूज : भूकंपानंतरच्या शहरातून एक पायी फेरी

भूजच्या जुन्या कोटात पायी फिरणाऱ्याला सर्वप्रथम जाणवते ती रस्त्यांची रुंदी. पावणेपाचशे वर्षांपूर्वी वसलेल्या आणि पाच नाक्यांच्या आत शतकानुशतके नांदलेल्या या राजधानीत अरुंद बोळ, एकमेकांना टेकलेले वाडे आणि कमानींखालून जाणारे रस्ते असावेत, अशी पाहुण्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोन मोटारी सहज जाव्यात असे सरळ रस्ते समोर येतात. त्यांच्या कडेला सिमेंटची नवी घरे, मध्येच एखादी जुनी दगडी भिंत आणि क्वचित एखादा रिकामा भूखंड दिसतो. हे रस्ते भूकंपानंतर आखले गेले. त्यांच्यासाठी लागलेली जमीन कोटातल्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागेतून दिली. म्हणूनच भूजमध्ये भूकंपाची खूण शोधायची, तर पडक्या भिंतींइतकेच या रस्त्यांकडेही पाहावे लागते.

ती सकाळ

२६ जानेवारी २००१ रोजी देश बावन्नावा प्रजासत्ताक दिन साजरा करीत असताना, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, कच्छची भूमी हादरली. भूकंपाचा केंद्रबिंदू भचाऊ तालुक्यातील चोबारी गावाजवळ, म्हणजे भूजच्या पूर्वेस सुमारे साठ-सत्तर किलोमीटरवर होता. तीव्रता ७.७ इतकी होती. गुजरात राज्यातील मृतांचा अधिकृत आकडा १३,८०५ असून त्यापैकी बारा हजारांहून अधिक मृत्यू एकट्या कच्छ जिल्ह्यातले आहेत. जखमींची संख्या दीड लाखांच्या पुढे गेली. भचाऊ, अंजार, रापर आणि भूज ही चारही शहरे कोलमडली. भूज शहरातच दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या.

कच्छला भूकंप नवा नव्हता. १६ जून १८१९ रोजी झालेल्या भूकंपात कच्छच्या रणात अनेक किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंद' म्हणजे ईश्वराने घातलेला बांध असे नाव दिले. सिंद्रीचा किल्ला त्या वेळी पाण्याखाली गेला आणि भूजमध्ये सुमारे सात हजार घरे पडल्याची नोंद आहे. १९५६ च्या जुलैमध्ये अंजारला पुन्हा मोठा धक्का बसला. २००१ मध्ये देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावरही कच्छचा समावेश सर्वाधिक जोखमीच्या पाचव्या विभागात होता. धोका कागदावर ठाऊक होता. बांधकामात मात्र तो उतरला नव्हता.

कोटाच्या आत

राव खेंगारजी पहिले यांनी १५४९ मध्ये भूजला कच्छच्या जाडेजा राज्याची राजधानी केले. कोटाला महादेव, पाटवाडी, सरपट, भीड आणि वाणियावाड असे पाच नाके होते. याशिवाय एक लहानशी वाट होती, तिला 'छठ्ठी बारी' म्हणजे सहावी खिडकी म्हणत. कोटातील वस्ती शेरी आणि फळिये अशा एककांत विभागलेली होती. मराठी वाचकाला आळी आणि वाड्याचा चौक या शब्दांवरून त्याची कल्पना येईल. एका ज्ञातीची किंवा एका व्यवसायाची कुटुंबे एका फळियात राहत. फळियाला एकच दरवाजा असे आणि आतला बोळ पुढे कुठेही न निघता एखाद्या भिंतीशी संपे. उन्हापासून, परक्यापासून आणि शत्रूपासून संरक्षण म्हणून ही रचना उत्तम होती.

२६ जानेवारीला तीच जीवघेणी ठरली. घरे बहुतांशी ओबडधोबड दगडांची आणि मातीच्या चुन्यात बांधलेली होती. अशा भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांत पुरेसा सांधा नसेल, तर हादऱ्याबरोबर दोन्ही थर सुटे होतात आणि वरचे जड छत खाली येते. घरातून बाहेर पडलेल्या माणसाच्या अंगावर समोरच्या घराची भिंत आली. दोन्ही बाजूंचे ढिगारे मध्ये मिळाल्याने बोळ नाहीसे झाले. मदतीला आलेल्या जवानांना आणि स्वयंसेवकांना यंत्रसामग्री आत नेता येईना. अनेक ठिकाणी हाताने दगड उचलत पुढे जावे लागले.

कोटाबाहेरच्या नव्या वसाहतींतील दोष वेगळा होता. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून केवळ खांबांवर उभ्या केलेल्या अनेक इमारती त्या मोकळ्या मजल्यातच खचल्या. वरच्या मजल्यांत भिंती असल्याने ते ताठ राहतात आणि हादऱ्याचा सारा ताण खालच्या खांबांवर येतो. खांबांतील सळया पुरेशा घट्ट बांधलेल्या नसतील, तर ते मोडतात. जुने दगडी घर आणि नवा फ्लॅट, दोन्हींनी माणसे मारली. कच्छच्या बन्नी भागातील गोल, मातीचे आणि गवताच्या शंकूसारख्या छपराचे भुंगे मात्र तुलनेने चांगले टिकले. वर्तुळाकार भिंत आणि हलके छप्पर ही त्याची कारणे आहेत.

जमिनीचा हिशेब

ढिगारे उपसल्यावर प्रश्न उभा राहिला, की भूज तेथेच बांधायचे की दुसरीकडे न्यायचे? शहर हलवू नये, असा निर्णय झाला. परंतु जुन्याच बोळांवर नवी घरे उभी करणे म्हणजे पुढच्या भूकंपाची सोय करण्यासारखे होते. फेब्रुवारी २००१ मध्ये स्थापन झालेले गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि भूज क्षेत्र विकास प्राधिकरण यांच्याकडे हे काम आले. आराखड्याची जबाबदारी अहमदाबादच्या 'एन्व्हायर्न्मेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह' या संस्थेवर सोपविण्यात आली. निधीचा मोठा भाग जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जातून आला.

कोटासाठी आठ नगररचना योजना तयार झाल्या. ही पद्धत पश्चिम भारताला नवी नाही. जुन्या मुंबई इलाख्याने १९१५ मध्ये नगररचना कायदा केला होता आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना तो वारसा मिळालेला आहे. या पद्धतीत सरकार जमीन संपादन करून मालकांना हुसकावत नाही. सर्व भूखंड एकत्र धरले जातात, प्रत्येकातून काही टक्के जागा रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी कापली जाते आणि उरलेली जागा नीट आकार देऊन शक्यतो त्याच परिसरात मालकाला परत मिळते.

भूजमध्ये ही कपात सरसकट नव्हती. सर्वांत लहान घरांची जागा कापली गेली नाही, तर मोठ्या भूखंडांतून टप्प्याटप्प्याने वाढत ३५ टक्क्यांपर्यंत जागा घेतली गेली. ज्याच्याकडे मुळात एक खोलीभर जागा आहे, त्याच्याकडून आणखी काय घेणार, हा विचार त्यामागे होता. त्यासाठी ढिगाऱ्याखालच्या प्रत्येक घराची हद्द शोधून मोजणी करावी लागली. जुने दस्तऐवज गहाळ झालेले, वाटण्या तोंडी झालेल्या, वारसांपैकी काही मुंबईत तर काही आफ्रिकेत, अशा स्थितीत हे काम किती किचकट होते, हे भूमिअभिलेख कार्यालयात एकदा तरी खेटे घातलेल्या कोणालाही समजेल. आराखडे लोकांपुढे ठेवले गेले, हरकती ऐकल्या गेल्या, नकाशे बदलले गेले. दरम्यान घर बांधण्यास परवानगी नव्हती. उघड्यावर किंवा पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढणाऱ्या कुटुंबांना ही प्रतीक्षा फार जाचली, आणि रोष प्रशासनावर निघाला. आज कोटातील रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आल्या आणि अग्निशमन दलाचा बंब आत जाऊ शकतो, त्यामागे ती प्रतीक्षा आहे.

जे कोटात परतले नाहीत

सर्वांना कोटात सामावून घेणे शक्य नव्हते. मुंद्रा रोड, आरटीओ, रावलवाडी आणि जीआयडीसी अशा चार ठिकाणी पुनर्वसनाच्या वसाहती आखल्या गेल्या. शहर बाहेरच्या दिशेने पसरले. मोकळ्या जागा, बागा, रुंद रस्ते असलेल्या या वसाहती पायी फिरणाऱ्याला फारशा बोलक्या वाटत नाहीत, पण भूजचे दैनंदिन जीवन आता मोठ्या प्रमाणात तेथे चालते. फळियात ओट्यावर बसून होणाऱ्या गप्पा, एकाच विहिरीचे पाणी आणि एकाच देवळाची आरती ज्यांनी अनुभवली, त्यांचे शेजार मात्र चार दिशांना विखुरले.

सर्वांत कठीण स्थिती भाडेकरूंची झाली. भरपाईची सारी रचना घराच्या मालकीवर आधारलेली होती. पिढ्यान्पिढ्या नाममात्र भाड्याने कोटात राहणाऱ्यांच्या हातात कागद नव्हता, म्हणून भूखंडही नव्हता. मालकाला जागेचा हक्क मिळाला आणि भाडेकरू तात्पुरत्या निवाऱ्यात उरला. अशी अनेक कुटुंबे कित्येक वर्षे त्या निवाऱ्यांत राहिली. पुढे भूकंपानंतरच स्थापन झालेल्या 'हुन्नरशाला' या भूजमधील संस्थेने आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी त्यांच्या घरांसाठी काम केले. माती, दगड आणि स्थानिक गवंड्यांचे कसब वापरून भूकंपात टिकणारी घरे बांधता येतात, हे या संस्थेने दाखवून दिले. मुंबईतील चाळी आणि पुण्यातील वाडे भाडेकरूंनी भरलेले असल्याने भूजचा हा अनुभव महाराष्ट्राने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

दरबारगडाची पडझड

कोटातील फेरीचा मध्यबिंदू म्हणजे दरबारगड. येथील प्राग महालाचा उंच घड्याळ-मनोरा लांबूनही दिसतो. राव प्रागमलजी दुसरे यांच्या काळात १८६५ मध्ये या महालाचे काम सुरू झाले आणि १८७९ मध्ये पूर्ण झाले. इटालियन गॉथिक शैलीतील या वास्तूचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. मुंबईकराला ही शैली ओळखीची वाटते, याचे कारण सरळ आहे. ओव्हल मैदानासमोरील जुने सचिवालय, जेथे आज नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे, त्याचेही वास्तुकार विल्किन्सच. भूकंपात महालाचे बरेच नुकसान झाले, तरी मनोरा उभा राहिला.

शेजारचा आयना महाल अठराव्या शतकातील राव लखपतजींचा. आरसे, युरोपीय घाटाच्या फरशा आणि कारंजी यांनी सजविलेल्या या महालाचा कारागीर रामसिंह मालम होता. जहाज फुटल्यावर डच खलाशांनी त्याला वाचविले आणि हॉलंडमध्ये तो काचकाम, मिनाकाम आणि फरशांची कला शिकला, अशी कथा कच्छमध्ये सांगितली जाते. याच लखपतजींनी भूजमध्ये ब्रजभाषेतील काव्यरचना शिकविणारी पाठशाळा स्थापन केली होती. महालाचा वरचा भाग भूकंपात ढासळला. वाचलेल्या दालनांत संग्रहालय पुन्हा मांडण्यात आले. मात्र राणीवासाची कोरीव लाकडी सज्जांची बाजू पाहिली, की काय गेले याचा अंदाज येतो.

कोटातील १८२२ सालचे स्वामीनारायण मंदिरही भूकंपात खिळखिळे झाले. त्याऐवजी हमीरसरजवळ संगमरवराचे भव्य मंदिर उभे राहिले आणि २०१० मध्ये ते खुले झाले. त्यासाठी परदेशस्थ कच्छी समाजाने हात सैल सोडला. राजघराण्याच्या छत्र्यांच्या वाट्याला मात्र असे भाग्य लवकर आले नाही. लखपतजींच्या तांबूस दगडाच्या देखण्या छत्रीसह तेथील बऱ्याच वास्तू कोसळल्या. त्यांचे कोरीव दगड दीर्घकाळ जमिनीवर पडून होते. देव, दरबार आणि घर यांपैकी प्रथम काय उभे राहिले, याचा क्रम पाहत चालले, तर शहराच्या पैशाचा आणि मनाचा नकाशा समजतो.

हमीरसरच्या काठी

महादेव नाक्याबाहेर हमीरसर तलाव आहे. पाऊस बेभरवशाचा असलेल्या कच्छमध्ये या तलावाला देवाचा मान आहे. तो भरून वाहू लागला, की भूजमध्ये सुटी जाहीर होते, पाण्याचे पूजन होते आणि 'मेघलाडू' वाटले जातात. भूकंपाने कोटाच्या रचनेत मोठे बदल घडवून आणले, पण ही प्रथा टिकली.

तलावाजवळच कच्छ संग्रहालय आहे. १८७७ मध्ये स्थापन झालेले हे गुजरातमधील सर्वांत जुने संग्रहालय. क्षत्रपकालीन शिलालेखांचा मोठा संग्रह येथे आहे. भूकंपात इमारतीची हानी झाल्याने ते काही काळ बंद ठेवावे लागले. जवळच रामकुंड ही कोरीव दगडांची चौकोनी पायऱ्यांची विहीर आहे. जमिनीत खोल उतरलेल्या या वास्तूला जमिनीवरच्या वास्तूंपेक्षा कमी झळ बसली.

शहरातील जिल्हा रुग्णालय भूकंपात कोसळले आणि जखमींवर उपचार करणारी जागाच नाहीशी झाली. मोकळ्या मैदानात शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. त्या जागी पंतप्रधान मदत निधीतून बांधलेल्या नव्या रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २००४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबर व शिसे यांचे टेकू बसविलेले आहेत. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेल्या या तंत्रामुळे जमीन हलली, तरी इमारतीपर्यंत पोहोचणारा हादरा बराच कमी होतो. बाहेरून ही साधी सरकारी इमारत दिसते. नव्या भूजमधील सर्वांत विचारपूर्वक बांधलेल्या वास्तूंत तिची गणना करावी लागेल.

भुजिया डोंगरावर

शहराच्या पूर्वेस भुजिया डोंगर आहे. अठराव्या शतकात पूर्ण झालेली तटबंदी आणि माथ्यावरचे भुजंग नागाचे मंदिर ही त्याची जुनी ओळख. नागपंचमीला येथे जत्रा भरते. याच डोंगरावर ४७० एकरांत 'स्मृतिवन' उभारण्यात आले असून २८ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचे उद्घाटन केले. म्हणजे भूकंपानंतर तब्बल एकवीस वर्षांनी. आराखडा वास्तुकार राजीव कठपालिया यांचा आहे.

उतारावर पन्नास लहान बंधारे बांधले आहेत. पावसाचे पाणी अडवायचे आणि त्या पाण्यावर झाडे वाढवायची, अशी ही योजना. बंधाऱ्यांच्या भिंतींवर भूकंपात मरण पावलेल्या १२,९३२ जणांची नावे कोरलेली आहेत. संग्रहालयाच्या सात दालनांपैकी एकात भूकंपाचा अनुभव देणारे प्रेक्षागृह आहे. जमीन हलू लागते, आवाज वाढतो आणि पाहुणे हसत-किंचाळत बाहेर येतात. भूजमधील मध्यमवयीन माणसे मात्र या दालनात शिरताना थबकतात, याचे आश्चर्य वाटू नये. संग्रहालयाचे दालन पाहून झाल्यावर नावांच्या भिंतींकडे जरूर जावे. आडनावांच्या रांगा वाचताना एकाच घरातील किती माणसे गेली, हे कोणत्याही चित्रफितीपेक्षा स्पष्ट कळते.

अंजार येथेही एक स्मारक आहे. प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत अरुंद रस्त्यावरून चाललेली शाळकरी मुले दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. १८५ मुले आणि २० शिक्षक यांच्या स्मरणार्थ उभारलेले 'वीर बाळक स्मारक' त्याच दिवशी, २८ ऑगस्ट २०२२ रोजी, खुले झाले. अरुंद रस्ता आणि दगडी भिंत यांचा संबंध येथे पुन्हा समोर येतो.

किल्लारी ते भूज

कच्छच्या पुनर्बांधणीत महाराष्ट्राचा अनुभव गाठीशी होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. ती बहुतांशी ठेकेदारांमार्फत बांधली गेली आणि आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. गोठा, अंगण, भावकीचा शेजार यांचा मेळ नव्या गावठाणात अनेकांना लागला नाही. कच्छमधील बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले. गुजरात सरकारनेही घरमालकाच्या हाती तीन हप्त्यांत पैसे देऊन, प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याकडून तपासणी करून घर ज्याचे त्यानेच बांधावे, हे धोरण प्रामुख्याने अवलंबिले. राज्यभरात दोन लाखांहून अधिक घरे नव्याने बांधावी लागली आणि त्याहून कितीतरी अधिक घरांची दुरुस्ती झाली. हजारो गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे शिक्षण मिळाले, हा त्याचा टिकाऊ लाभ. २००३ मध्ये गुजरातने आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, २००५ मध्ये आला.

भूजने गमावलेलेही बरेच आहे. नव्या घरांत कोरीव सज्जे नाहीत. फळियाची सावली रुंद रस्त्यावर पडत नाही आणि कच्छच्या उन्हात दुपारी चालणाऱ्याला ती उणीव तीव्रतेने जाणवते. सुरक्षितता आणि जिव्हाळा यांतील हा सौदा शहराने राजीखुशीने केलेला नाही. मात्र ज्या शहरांत अजून जुने बोळ, मोडकळीला आलेले वाडे आणि खांबांवर तोललेल्या इमारती आहेत, त्यांना हा हिशेब शांत काळात मांडण्याची सवड आहे. भूजला ती मिळाली नव्हती.

जाण्यापूर्वी

मुंबईहून दादर-भूज सयाजीनगरी एक्स्प्रेस आणि वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेस या गाड्या थेट भूजला जातात. अहमदाबादहून सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नमो भारत रॅपिड रेल्वेही सोयीची आहे. फिरण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोट, दरबारगड आणि हमीरसर ही फेरी सकाळी पायी करता येते. स्मृतिवनासाठी दुपारनंतरचा वेळ राखून ठेवावा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास डोंगरावरून सारे शहर नजरेखाली येते. संग्रहालयांच्या वेळा व सुटीचे दिवस आधी विचारून घ्यावेत. सराफ बाजारात भरतकाम आणि चांदीचे दागिने पाहायला मिळतात. महाराष्ट्राच्या नाक्यानाक्यावर पोहोचलेली दाबेली मूळची याच जिल्ह्यातल्या मांडवीची, हेही तेथे गेल्यावर आठवल्यावाचून राहत नाही. अजरख छपाई पाहायची असल्यास शहराबाहेरील अजरखपूर या गावी जावे. भूकंपानंतर धमडका गावचे पाणी छपाईस निरुपयोगी ठरल्याने तेथील खत्री कारागिरांनी हे गाव नव्याने वसविले आहे.